सारंगखेड्याचा घोडा आणि प्रायोजित वाणी : पॉडकास्टमधील शिफारशीची चिकित्सा

‘शिफारस’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि दीर्घकाळ तो मुख्यतः माणसांच्या संदर्भात वापरला गेला. एखाद्या होतकरू तरुणाची कोणी वजनदार गृहस्थ वरिष्ठांकडे शिफारस करी, तेव्हा त्या तरुणाच्या गुणांइतकीच शिफारस करणाराची पतही पणाला लागत असे. तरुण नालायक निघाल्यास शिफारस करणाराचा शब्द पुढे चालत नसे. वस्तूची शिफारस हा या शब्दाचा नंतरचा विस्तार होय. आणि हा विस्तार होताना पत पणाला लागण्याची मूळची अट हळूहळू गळून पडली, असे दिसते. पॉडकास्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ध्वनिमालिकांतून आज जी प्रायोजित शिफारस ऐकू येते, तिचा विचार या गळून पडलेल्या अटीपासूनच सुरू करणे योग्य ठरेल.

पॉडकास्ट ही संज्ञा २००४ साली इंग्रजी वृत्तपत्रीय लेखनात प्रथम वापरली गेली. मराठीत या प्रकाराने गेल्या काही वर्षांत चांगलेच मूळ धरले आहे. दोघातिघांच्या सैल, लांबलचक, विषयांतराला न भिणाऱ्या गप्पा हे त्याचे प्रचलित रूप. या गप्पांच्या ओघातच निवेदक एखाद्या वस्तूचे नाव घेतो. ती वस्तू बहुधा आजच्या काळाला साजेशी, म्हणजे आत सॉफ्टवेअर असलेली असते : पैशाचे व्यवहार करणारे ॲप, मनगटावरचे यंत्र, विजेवर चालणारी दुचाकी, शेतातील ठिबक संचाच्या झडपा दुरून उघडणारा नियंत्रक. निवेदक सांगतो की तो स्वतः ही वस्तू वापरतो, घरच्यांनाही तिचा उपयोग होतो, आणि श्रोत्यांसाठी तिच्यावर सवलतही आहे. एवढे बोलून तो पुन्हा मूळ विषयाकडे वळतो. आवाज तोच, लय तीच, शब्दकळाही तीच. गप्पा कोठे संपल्या आणि विक्री कोठे सुरू झाली हे दाखवणारी रेघ कानाला सापडत नाही. या प्रकाराचे सारे सामर्थ्य त्या रेघेच्या अभावात आहे, आणि त्याचा सारा दोषही तेथेच आहे.

ही वाणी कोणासाठी आहे, हे पाहण्याकरिता पुणे-मुंबईच्या श्रोत्यापेक्षा जरा दूरचा श्रोता घेणे उपयुक्त होईल. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यात, तापी आणि सातपुडा यांच्यामधील सपाट काळ्या जमिनीवर, सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती पुरुषोत्तमनगर ही वसाहत आहे. ऊस, कापूस, केळी आणि पपई ही या मुलखातील पिके. शाळा-कचेऱ्यांची भाषा मराठी. परंतु परिसरातील घरांत अहिराणी, गुजरी, भिली, पावरी अशा अनेक बोली नांदतात. या भागाला बोललेला शब्द रेडिओने पूर्वीच परिचयाचा करून दिला आहे. शेतीच्या सल्ल्यासाठी आकाशवाणी ऐकणाऱ्या पिढीचा नातू आज ट्रॅक्टरवर बसून कानात बोंडे घालून गप्पा ऐकतो. आजोबा ज्या विश्वासाने आकाशवाणी ऐकत, तोच विश्वास नातवाने नव्या आवाजाकडे आणला आहे. ही वारशाने आलेली श्रद्धा प्रायोजकाला आयती मिळते.

आकाशवाणीने मात्र जाहिरात आणि कार्यक्रम यांच्यामधील रेघ बराच काळ जपली होती. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर व्यापारी सेवा सुरू झाली, तेव्हा जाहिरात गाण्याच्या आधी किंवा नंतर, वेगळ्या आवाजात, वेगळ्या संगीतासह येई. साबणाची जाहिरात करणारा आवाज बातम्या सांगत नसे. त्याच्याही आधी, १९५२ पासून, सिलोन रेडिओवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. अमीन सायानी यांचे निवेदन मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोला जाई. या कार्यक्रमाबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही, ती अशी की प्रायोजकाचे नाव कार्यक्रमाच्या नावातच होते. दंतमंजन विकणारी मंडळी आपल्याला गाणी ऐकवीत आहेत, हे कार्यक्रमाचे नाव उच्चारणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. प्रकटीकरणाचा याहून सोपा मार्ग सापडणे कठीण.

देशी परंपरेत आणखी मागे गेल्यास कीर्तनाचे उदाहरण घेता येईल. कीर्तनकारही मोबदला घेतो; परंतु आरतीचे तबक सर्वांसमक्ष फिरते, आणि त्यात पैसे टाकतो तो श्रोताच. पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्या मध्ये कोणी तिऱ्हाईत सावकार आपली रक्कम गुप्तपणे ठेवून जात नाही. पॉडकास्टची स्थिती नेमकी उलट आहे. तेथे ऐकणारा काही देत नाही आणि देणारा दिसत नाही.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानले आहे, पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त कोणास म्हणावे याचे वात्स्यायनाने केलेले विवेचन प्रस्तुत विषयाला आश्चर्यकारक रीतीने लागू पडते. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ असो, लक्षण तेच. म्हणजे आप्तता ही जातीवर किंवा प्रतिष्ठेवर नव्हे, तर दोन अटींवर उभी आहे : साक्षात अनुभव आणि यथादृष्ट सांगण्याची इच्छा. प्रायोजित निवेदकाच्या बाबतीत दोन्ही अटी डळमळीत असतात. वस्तू त्याच्याकडे बहुधा प्रायोजकानेच पाठविलेली असते आणि ती वापरायला मिळालेला काळ थोडा असतो, म्हणून अनुभव उथळ. मोबदला शिफारशीचा मिळतो, निरीक्षणाचा नव्हे, म्हणून इच्छा बांधलेली. आणि तरीही तो जी भाषा वापरतो ती आप्ताचीच असते. प्रथमपुरुषी क्रियापदे, घरगुती तपशील, मध्येच एखादी किरकोळ कुरबूर, म्हणजे बाकीची स्तुती खरी वाटावी. आप्तवाक्याचे रूप आहे. आप्तवाक्याच्या अटी नाहीत. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर अभिधेने तो वस्तूचे गुण सांगतो, आणि व्यंजनेने सांगतो की ‘मला ठाऊक आहे’. खोटेपणा असलाच तर तो या दुसऱ्या, न उच्चारलेल्या वाक्यात असतो. म्हणूनच त्याला पकडणे अवघड जाते.

भारतीय विधिनियमांनी या प्रश्नाचा विचार अगदीच केलेला नाही, असे नाही. मुंबईत १९८५ साली स्थापन झालेल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. केवळ ध्वनीच्या माध्यमात जाहिरातीची घोषणा प्रारंभी आणि अखेरीस स्पष्टपणे केली पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. ९ जून २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशी यांविषयीची नियमावली जारी केली. शिफारस करणारा आणि व्यापारी यांच्यातील जो संबंध श्रोत्याला सहज अपेक्षित नसतो आणि शिफारशीच्या विश्वसनीयतेवर ज्याचा परिणाम होऊ शकतो, तो संबंध पूर्णपणे उघड केला पाहिजे, असा तिचा आशय आहे. शिवाय शिफारस ही त्या व्यक्तीचे प्रामाणिक आणि बऱ्याच अंशी सद्यःकालीन मत असावी आणि पुरेशा माहितीवर अथवा अनुभवावर आधारलेली असावी, असेही ती सांगते. वात्स्यायनाच्या दोन्ही अटी येथे राजपत्राच्या भाषेत पुन्हा भेटतात. हा योगायोग असला तरी लक्षणीय आहे. ‘सद्यःकालीन’ या शब्दाकडे पुढे परत यावे लागेल.

पैसे मिळाले हे सांगितले, म्हणजे निवेदकाचे कर्तव्य संपले काय? प्रचलित चर्चा बहुधा येथेच थांबते. प्रायोजकत्व उघड करणे ही एक गोष्ट, आणि वस्तूतील ज्ञात दोष उघड करणे ही दुसरी. पहिलीची सवय आता बऱ्याच निवेदकांना लागत आहे; दुसरीचा विचार क्वचितच होतो. ‘हा भाग अमुक कंपनीने प्रायोजित केला आहे’ असे बोलून निवेदक मोकळा होतो, आणि त्या कंपनीच्या यंत्रातील प्रणाली वारंवार बंद पडते अशी ओरड त्याच्या कानांवर आलेली असली तरी तो तिच्याविषयी गप्प राहतो. हे मौन कोणत्या प्रकारचे आहे?

या प्रश्नाचे सर्वांत मार्मिक विवेचन एका जुन्या आणि रूक्ष समजल्या जाणाऱ्या ग्रंथात आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे सतरावे कलम कपटाची व्याख्या करते. केवळ मौन हे कपट नव्हे, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते. परंतु परिस्थितीमुळे बोलणे हेच ज्याचे कर्तव्य ठरते त्याचे मौन, किंवा जे मौन स्वतःच बोलण्यासारखे असते ते मौन, यांस ही सूट नाही. त्याखालील उदाहरणांतील पहिली तीन घोड्याची आहेत. पहिल्यात एक मनुष्य आपला घोडा लिलावात विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक असते. तो काही बोलत नाही. हे कपट नव्हे. दुसऱ्यात घोडा घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. येथे नात्यामुळेच दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. तिसऱ्यात घेणारा म्हणतो की तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन. आणि विकणारा गप्प बसतो. येथे त्याचे मौन म्हणजेच त्याचे बोलणे.

पुरुषोत्तमनगरच्या श्रोत्याला ही उदाहरणे परकी वाटण्याचे कारण नाही. त्याच्याच तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेडे येथे, मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. दूरदूरच्या प्रांतांतून जनावरे येतात. घेणारा दात पाहून वय ताडतो, अंगावरचे भोवरे तपासतो, घोडा चालवून, पळवून पाहतो. घोड्याच्या दुर्गुणाला मराठीत ‘खोड’ म्हणतात, आणि विकणारा खोड आपण होऊन सांगत नाही हे सर्वांना माहीत असते. गुरांच्या बाजारात हातावर रुमाल टाकून बोटांनी भाव ठरविण्याची रीतही जुनी आहे. भाव लपलेला असतो, परंतु दलाल लपलेला नसतो. दलाल हा दलाल म्हणूनच समोर उभा असतो. त्याच्या स्तुतीतून किती वजा करावयाचे याचा हिशेब घेणाऱ्याने मनाशी आधीच केलेला असतो. म्हणजे सारंगखेड्याचा बाजार हे अधिनियमातील पहिले उदाहरण आहे : दोन सावध माणसे, आणि दोघांच्या मध्ये प्रत्यक्ष पाहता येणारे जनावर.

पॉडकास्टचा निवेदक स्वतःला या पहिल्या उदाहरणात बसवू पाहतो. आपण फक्त जाहिरात वाचली, वस्तू पारखणे हे श्रोत्याचे काम, असे तो म्हणतो. परंतु त्याचा सारा व्यवसाय दुसऱ्या उदाहरणावर चालतो. आठवड्यामागून आठवडे तो श्रोत्याच्या कानाशी बोललेला असतो; आपल्या आजारपणाविषयी, आईविषयी, कर्जाविषयी त्याने सांगितलेले असते; श्रोत्यांना तो ‘आपली मंडळी’ म्हणतो. प्रायोजक त्याला पैसे देतो ते याच नात्याचे. त्याच्या उच्चारशुद्धीचे नव्हे. ज्या नात्याची किंमत वसूल केली, ते नाते दोष सांगण्याची वेळ येताच नाकारता येणार नाही. कायद्याच्या अर्थाने श्रोता ही निवेदकाची मुलगी नव्हे, हे उघड आहे. न्यायालयापुढे हा युक्तिवाद टिकेलच असे नाही. परंतु येथे प्रश्न न्यायालयाचा नसून वाङ्मयप्रकाराच्या प्रामाणिकपणाचा आहे, आणि तेथे तो पुरेपूर टिकतो.

तिसरे उदाहरण तर अधिकच जवळचे आहे. ‘हा माणूस म्हणतो म्हणजे वस्तू बरी असणार, नसती तर याने सांगितले असते.’ प्रत्येक नियमित श्रोता असेच मनात म्हणत असतो. फरक इतकाच की श्रोत्याचा हा प्रश्न निवेदकाला ऐकू जात नाही. ध्वनिमुद्रित वाणी एकाच दिशेने वाहते.

सॉफ्टवेअरमुळे हा जुना प्रश्न अधिक बिकट होतो. घोड्याचा दात पाहता येतो, उसाच्या गाडीचे वजन दुसऱ्या काट्यावर ताडून पाहता येते. परंतु यंत्राच्या आतली आज्ञावली घेणाऱ्याला दिसत नाही, आणि दिसली तरी वाचता येत नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातील अनेक पेट्रोलपंपांवर छापे घातले, तेव्हा मापयंत्रातील इलेक्ट्रॉनिक भागांत फेरफार करून इंधन कमी दिले जात असल्याचे उघडकीस आले. आकडा बरोबर दिसत होता, माप खोटे होते. या प्रकरणाने सामान्य माणसाला एवढे शिकवले की यंत्राची खोड आता पडद्यावर दिसत नाही.

या संदर्भात महाराष्ट्राशी निगडित असलेले एक प्रकरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात बोलकी शिफारस आणि मुकी प्रणाली या दोन्ही गोष्टी एकाच वस्तूच्या संदर्भात भेटतात. २१ सप्टेंबर २०१० रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘हिंदू’ या वृत्तपत्रांच्या वाचकांनी सकाळी अंक उघडला तो अंकच बोलू लागला. प्रकाशाची जाणीव होताच सुरू होणारी एक छोटी ध्वनिपट्टी पानाला चिकटवलेली होती, आणि तिच्यातील आवाज फोक्सवॅगन कंपनीच्या व्हेन्टो या नव्या मोटारीची थोरवी सांगत होता. ही मोटार पुण्याजवळ चाकण येथील कारखान्यात तयार होत होती. पान मिटेपर्यंत आवाज थांबत नसे. काही घरांत या अनपेक्षित वाणीने घबराटही उडाली. जाहिरातीच्या इतिहासात या प्रयोगाची नोंद चातुर्याचा नमुना म्हणून होते. समीक्षेच्या दृष्टीने तिच्यात वेगळेच काही दिसते. हा कोणाचाही आवाज नव्हता. त्याला अनुभव नव्हता, नाते नव्हते. म्हणूनच तो निरुपद्रवी होता. ऐकणाऱ्याला तो यंत्राचा आवाज आहे हे पक्के ठाऊक होते.

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने याच कंपनीवर नोटीस बजावली. डिझेल इंजिनातील प्रणाली, गाडी तपासणीवर आहे की रस्त्यावर आहे हे ओळखते आणि तपासणीपुरते प्रदूषण कमी करते, असा आरोप होता. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख वाहनांत ही प्रणाली असल्याचे कंपनीने मान्य केले. भारतात पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहनसंशोधन संस्थेने चाचण्या केल्या. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगनची १,९८,५००, स्कोडाची ८८,७०० आणि औडीची ३६,५०० होती. व्हेन्टोच्या डिझेल गाड्याही यांत होत्या. भारतातील नियमांचा भंग झालेला नाही, ही कंपनीची भूमिका होती. ७ मार्च २०१९ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस मनाई केली.

२०१० मध्ये बोलणारे पान आणि २०१५ मध्ये परत बोलावलेली गाडी यांच्यामध्ये पाच वर्षे आहेत. त्या सकाळच्या आवाजाने खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही; प्रणालीविषयी तो बोललाच नव्हता. परंतु समजा, त्या ध्वनिपट्टीच्या जागी एखादा लोकप्रिय निवेदक असता, आणि त्याने आपल्या घरची गाडी म्हणून तिचे कौतुक केले असते. त्यालाही प्रणाली ठाऊक नसती. त्याचे अज्ञान क्षम्य ठरले असते. तथापि २०१५ नंतर, सर्व जगाला दोष कळल्यावर, त्याच्या संग्रहात तो जुना भाग तसाच वाजत राहिला असता, तर ते अज्ञान म्हणता आले नसते.

येथे ‘सद्यःकालीन मत’ या शब्दांचा खरा भार कळतो. वृत्तपत्राचा अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. आकाशवाणीची जाहिरात हवेत विरते. पॉडकास्टचा भाग मात्र साठलेला असतो. पुरुषोत्तमनगरचा शेतकरी तीन वर्षांपूर्वीचा भाग आज प्रथमच ऐकतो, आणि त्याच्यापुरती ती शिफारस आजची असते. दरम्यान त्या यंत्राची प्रणाली अनेकदा बदललेली असते. एखाद्या बदलाने सुधारलेली, एखाद्याने बिघडलेली. घोडा विकल्यानंतर त्याची खोड विकणाऱ्याच्या तबेल्यातून बदलता येत नाही, सॉफ्टवेअरची येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अद्यतनाने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. भारतातील विमानतळांवरही हाताने लिहिलेले प्रवासपास द्यावे लागले. आदल्या रात्रीपर्यंत या प्रणालीची कोणी प्रामाणिकपणे शिफारस केली असती तर ती प्रामाणिकच ठरली असती. सकाळी तिचा अर्थ बदलला. त्या दिवशी हंगेरीत सराव करणाऱ्या मर्सिडीजच्या शर्यत-चमूला स्वतःच्याच प्रायोजकाच्या प्रणालीने अडवले, हा त्यातला विनोदी भाग. मात्र हेही नोंदविले पाहिजे की त्या कंपनीने काही दिवसांतच प्राथमिक अहवाल आणि ६ ऑगस्ट २०२४ रोजी मूळ कारणाचा अहवाल स्वतः प्रसिद्ध केला. दोष उघड केल्याने व्यवसाय बुडतो ही समजूत यामुळे पूर्णपणे खोडली जात नसली, तरी ती स्वयंसिद्ध नाही एवढे दिसते.

निवेदकाच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे. तो अभियंता नाही. प्रणालीतील दोष शोधणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. प्रायोजकाविना मराठीत असे उपक्रम टिकणे अवघड, हेही खरे. आणि जे श्रोते एक रुपयाही मोजीत नाहीत त्यांनी निवेदकाकडून ऋषितुल्य निःस्पृहतेची अपेक्षा करावी, यात थोडा अन्याय आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने हे ओळखले आहे. खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी प्रथम दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, परंतु ज्याने दाव्यांची सत्यता पडताळण्यासाठी योग्य ती दक्षता घेतली त्याला जबाबदारीतून सूट आहे. म्हणजे निवेदकाने प्रणाली उघडून पाहावी अशी अपेक्षा कोणीच केलेली नाही. त्याने विचारावे, एवढीच आहे. या वस्तूविषयी वापरणाऱ्यांच्या कोणत्या तक्रारी आहेत, त्या दूर झाल्या काय, न झाल्यास मला ते बोलू द्याल काय, हे तीन प्रश्न प्रायोजकाला विचारण्यास अभियांत्रिकी लागत नाही. तिसऱ्या प्रश्नाला नकार आला, तर शिफारशीची किंमत त्याच क्षणी ठरते.

याच अधिनियमाच्या व्याख्येनुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपविणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. १८७२ च्या अधिनियमाने घोडेविक्याला जी सूट दिली होती, ती १४७ वर्षांनी जाहिरातदाराकडून काढून घेतली गेली. परंतु त्याच अधिनियमाने ‘उत्पादन’ या शब्दाची व्याख्या करताना वायुरूप, द्रव किंवा घन अवस्थेतील वस्तू अशी शब्दयोजना केली आहे. आज्ञावली यांपैकी कोणत्या अवस्थेत असते, हे पदार्थविज्ञानाच्या विभागाला विचारावे लागेल. यंत्रासह विकलेली प्रणाली यंत्राचा भाग म्हणून या व्याख्येत ओढून आणता येईल. मोबाइलवर उतरवून घेतलेल्या ॲपच्या बाबतीत मात्र ‘सेवा’ या शब्दाचा आसरा घ्यावा लागतो. संगणकीय सुरक्षेच्या घटना सहा तासांच्या आत कळविण्याचा ‘सर्ट-इन’चा २८ एप्रिल २०२२ चा निर्देशही आहे, पण त्यानुसार अहवाल जातो तो शासकीय यंत्रणेकडे. ज्याने निवेदकाच्या शब्दावर विसंबून वस्तू घेतली त्याच्यापर्यंत तीच वार्ता त्याच आवाजात पोहोचावी, असा मार्ग या निर्देशात नाही.

तो मार्ग तंत्रदृष्ट्या कठीण नाही. जुन्या भागांतील जाहिराती काढून त्यांच्या जागी नव्या घालण्याची सोय वितरण करणाऱ्या यंत्रणांनी केव्हाच केली आहे. प्रायोजकाचा करार संपला की ती तत्परतेने वापरलीही जाते. कराराची मुदत संपल्यावर जे करता येते, ते दोष उघड झाल्यावर करता येत नाही असे म्हणणे अवघड आहे. अडचण उरते ती निवेदकाने गप्पांच्या ओघात स्वतःच्या तोंडाने केलेल्या शिफारशीची. ती मूळ ध्वनीत विणलेली असते, आणि काढली तर गप्पा तुटतात. तेथे भागाच्या प्रारंभी दोन वाक्ये जोडणे एवढाच उपाय दिसतो : ही शिफारस अमुक सालची आहे, त्यानंतर या वस्तूच्या प्रणालीत अमुक दोष आढळला आहे. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला शुद्धिपत्र जोडण्याची विद्वानांची रीत याहून फारशी वेगळी नाही.

राहता राहिला भाषेचा मुद्दा, आणि पुरुषोत्तमनगरपुरता तोच सर्वांत निकडीचा आहे. प्रकटीकरण शिफारशीच्याच भाषेत असावे, असे शासकीय सूचना सांगतात. मराठी ध्वनिमालिकांत शिफारस घरगुती मराठीत असते. खानदेशी निवेदक असेल तर मध्येच अहिराणीचा एखादा लडिवाळ शब्दही टाकतो, आणि ऐकणारा हसतो. परंतु ‘पेड पार्टनरशिप’ हे दोन शब्द मात्र घाईने, इंग्रजीत, वाक्याच्या शेपटीला लावले जातात. ज्या बोलीत वस्तू घे म्हणून सांगितले, त्याच बोलीत ‘हे सांगायचे मला पैसे मिळाले आहेत, आणि हिचे ॲप मधूनमधून बंद पडते असे लोक म्हणतात’ हे वाक्य अजून फारसे ऐकू येत नाही. सारंगखेड्याच्या बाजारात उभा असलेला दलाल निदान आपण कोण आहोत हे घेणाऱ्याच्याच भाषेत सांगतो.